फामाऊबाबांची हाक

लामू बेटावर आमच्या घरांची अंगणं आत असतात, चार भिंतींच्या पोटात. तिथे आम्ही बायका उघड्या डोक्याने बसतो, केस वाळवतो, मासे साफ करतो. म्हणून छपरावर चढणाऱ्याने आधी हाक द्यायची, ही रीत. फामाऊबाबा झावळ्यांनी छपरं शाकारायचे. पन्नास वर्षं त्यांची हाक ऐकली, "वर चढतोय, बायांनो!" की आम्ही पळालोच आत.

आता माणूस पार थकलाय. गुडघे गेले, खांदा गेला. "बाबा, पुरे झालं की आता," म्हटलं तर म्हणायचे, "कुणाला पुरे झालं गं? पोटाला का?"

त्यांची बायको एशाबी तीन वर्षं अंगणात खाटेवर. कमरेखाली जीव नाही. खोलीत जीव गुदमरतो तिचा. संध्याकाळी खाडीवरून वारा सुटतो, तेवढंच काय ते सुख.

आणि त्यांच्या शेजारच्या घराचं गेस्टहाऊस झालं. गच्चीवरच्या छपराचं काम मालकाने बाबांनाच दिलं. बाबांनी आपल्या अंगणाच्या बाजूला झावळ्या कठड्यापर्यंत खाली सोडल्या. मालक भडकला.

"अहो, समुद्र त्याच बाजूला! पाहुणे काय झावळ्या बघायला येतात?"

"खाली माझी बायको असते."

"मग आत न्या तिला! शुक्रवारपर्यंत कापा, नाहीतर दुसरा माणूस आणतो."

मेल्याची जीभ झडत कशी नाही!

एशाबी एवढंच म्हणाली, "तुम्हीच कापा. दुसरा आला तर हाकही द्यायचा नाही."

बाबांनी कापलं. आता रोज संध्याकाळी पाहुणे वर चहाला बसतात. दृश्य सुंदर आहे, खोटं कशाला बोलू? शिडाच्या होड्या परततात, पाणी चमकतं, पलीकडे खारफुटीचं हिरवं रान. पण हाक कोण देणार? म्हणून बाबाच गल्लीत उभे राहून त्यांच्या वतीने ओरडतात, "वर चढतायत, बायांनो!"

काल मी पलीकडच्या माझ्या घरातून एशाबीला भात घेऊन आले होते. वारा नुकताच सुटला होता, तोच हाक आली. तिने अंगावर पांघरलेला कांगा तोंडावर ओढून घेतला.

"आत नेऊ का?" मी विचारलं.

"नको. वारा सोडवत नाही गं." मग कापडाखालून म्हणाली, "सांग त्या म्हाताऱ्याला, मला पळता येत नाही म्हणून."

बाबा दारातच उभे होते. त्यांनी ते ऐकलं. ते आत आले, जुनी चटई उचलली आणि खाटेपाशी दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरून उभे राहिले. मला रडूच कोसळलं.

"बांधून टाका ना बाबा, रोज कुठवर धरणार?"

"बांधली तर वारा अडेल. हातात असली की फिरवता येते."

एशाबीने तोंडावरचा कांगा बाजूला केला. पाहुणे खाली उतरायला अर्धा तास लागला. खांदा गेलेला, पण बाबांनी तोवर चटई खाली घेतली नाही.