गिरजेला आधार द्या

मी माझ्या सख्ख्या आत्याच्या डागडुजीसाठी गावभर दवंडी पिटवलेली आहे.

निजामाचं राज्य होतं. नळदुर्गाकडच्या आमच्या गावात मिशनचं जुनं दगडी देऊळ होतं (आम्ही ख्रिस्ती लोकही चर्चला देऊळच म्हणायचो). त्याच्या छपराची मधली तुळई मोडली. मृगाच्या आत छप्पर झालं नाही, तर मिशन दगड उतरवून विकणार, असं पाळकसाहेबांनी सांगितलं, तेव्हा आमची आक्का दोन दिवस जेवली नाही. आक्का म्हणजे वडलांची थोरली बहीण. तिचं लग्न त्याच देवळात लागलं होतं आणि नवऱ्याला शेवटचा निरोपही तिथूनच दिला होता. रोज सकाळी ती त्या मोडक्या तुळईखाली जाऊन झाडून यायची.

आमची घरं मूठभर. गावाला हाक घालायची ठरली आणि मजकूर माझ्याकडं आला, कारण मी मिशनच्या शाळेत मास्तर. दवंडीला तहसिलीची परवानगी लागायची. तिथं छाप पडावी म्हणून मी साध्या 'देवळा'ऐवजी चर्चसाठीचा उर्दू शब्द 'गिरजा' घातला. आता हा गिरजा पुल्लिंगी की स्त्रीलिंगी? मी विचार केला: शाळा, जागा, गिरजा. स्त्रीलिंगी! (आमच्याकडं दर चौथ्या घरात एखादी गिरजा असते, हे विद्वत्तेच्या भरात सुचलं नाही.)

"ऐका हो ऐका! आपल्या गावची गिरजा साठीला आली. पाठ मोडली, अंगाला भेगा पडल्या. मृगाच्या आत तिला आधार द्या. जमंल ते मिशनच्या आवारात आणून द्या!"

तहसिलीत मजकूर पसंत पडला. गावाला तर इतका पसंत पडला, की दुसऱ्या दिवशी सकाळीच एक बाई गरम पेजेचं भांडं घेऊन आली. मला वाटलं, मजुरांसाठी. मग एक लुगडं आलं. मग तिळाचं तेल आलं, पाठीला चोळायला. एक बाज आली. सुतार दोन कुबड्यांचं लाकूड घेऊन आला आणि उंची विचारू लागला.

"अठरा हात," मी सांगितलं.

तो माझ्याकडं बघतच राहिला.

शेवटी आडतवाले मल्लिनाथअण्णा आले. आवाज चढलेला. "मास्तर, सख्ख्या आत्याला सांभाळणं होत न्हाय तर आमास्नी येऊन सांगायचं. दवंडी कशाला?"

"कुणाच्या आत्याला?"

"तुमच्या. गिरजाबाईला."

तर आक्काचं खरं नाव गिरजा होतं. आपल्या आत्याचं नाव बारशातच आक्का ठेवलं असणार, अशी माझी इतकी वर्षं समजूत. जुन्या माणसांना मात्र सगळं ठाऊक.

आक्का देवळाच्या दारात उभी होती. नवरा गेल्यावर कुणाकडून चिमूटभर मीठसुद्धा उसनं न आणलेली बाई. तिनं पेजेकडं पाहिलं, बाजेकडं पाहिलं, आणि मग माझ्याकडं असं पाहिलं, की मी बाजेवर बसलो.

"आक्का, तुम्ही काळजी करू नका. मी आत्ता घरोघर जाऊन सांगतो, की चूक…"

"गप बस, सामू." तिनं पदर सावरला आणि अण्णांकडं वळली. "व्हय अण्णा, गिरजा मीच. पाठ मोडलीय हे बी खरं. पर ती तेलानं सांधायची न्हाय. तिला एक सागाची तुळई लागती, चुना लागतो, आन् बारा गडी लागत्यात."

अण्णांनी आक्काकडं पाहिलं, मग तिच्यामागच्या देवळाच्या भगदाडाकडं. आणि हसायला लागले, ते थांबेचनात. तुळई त्यांच्याच जुन्या वखारीतून आली. पेज गड्यांनी प्यायली, कुबड्यांचं लाकूड खिडकीला लागलं. मृगाला चार दिवस असताना शेवटचं कौल चढलं.

पहिल्या उपासनेला अण्णा दाराशी येऊन उभे राहिले. "गिरजाबाई, पाठ कशी हाय आता?"

"गळत न्हाय, अण्णा."

मग पाळकसाहेब उठले. म्हणाले, मास्तरांनी सरळ देवळासाठी मागितलं असतं, तर एवढं गाव आलं नसतं. माणसाच्या काळजाला हात घालणारा मजकूर लिहायला डोकं लागतं. सगळ्यांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. आक्कानंही पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसू दाबलं. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

तोही गैरसमज मी दुरुस्त केला नाही.