मणीकाकूंची भावनगरची वाट

मणीकाकूंना अंतर किलोमीटरमध्ये सांगून उपयोग नसे. "कितल्या भाकरीसना रस्ता शे?" असं त्या विचारत. शहाद्याला भाकरी लागत नाही, सुरतेला एका वेळची पुरते. भावनगरचं नाव निघालं की मात्र त्या भाकऱ्या मोजत नसत.

तापीकाठच्या प्रकाशा गावात आमच्या शेजारी त्यांचं केळीच्या बागांचं गुजर घर, माहेरही गावातलंच. धाकटी बहीण काशी भावनगरला दिलेली. दोघींची आई गेली तेव्हा निरोप मिळताच काशीबेन निघाल्या. पण मधे समुद्राचं आखात, त्याला सगळा वळसा घालून यायचं, बस रात्रभर चालली. इकडे उन्हाळ्याचे दिवस. काशीसाठी थांबायचं का, असं वडीलधाऱ्यांनी मणीकाकूंना विचारलं. त्यांनी नको म्हटलं. काशीबेन तापीच्या घाटावर पोचल्या तेव्हा चिता विझत आली होती. कुणाशी न बोलता त्या आल्या पावली माघारी गेल्या आणि पुन्हा माहेरी आल्या नाहीत.

"मी थांबाले पायजे व्हतं," काकू भाकऱ्या थापता थापता मध्येच म्हणत.

मग सुरतेहून भावनगरला छोटं विमान सुरू झालं. आता तेही बंद झालंय आणि काकूही नाहीत. विमान सुरू झालं त्याच सुमारास काकूंच्या भाच्याचा, काशीबेनच्या मुलाचा, फोन आला, आईनं अंथरूण धरलंय. मी मोबाइलवर पाहून सांगितलं, "काकू, सुरतेहून आखातावरून सरळ गेलं तर शंभर किलोमीटरसुद्धा नाही. अर्ध्या तासात पोचाल."

काकूंनी विचारलं, "इतली जवळ व्हती का मन्ही काशी?"

सोबत मीच गेले. विमान वर चढलं, खाली गढूळ पाणी दिसलं, आणि काकू फडक्यातली दशमी सोडतात तोच उतरायची सूचना झाली. बाहेर भाचा गाडी घेऊन उभा होता. काकू मात्र तिथल्या बाकावर बसल्या.

"बरं वाटत नाही का?" मी विचारलं.

"आंग आठे पोचनं माय, मन आजून मांगेच शे. तिले काय म्हनू, ते ठरवाले येळच नही भेटना."

भाचा सारखा घड्याळ बघत होता. मी त्याला खुणेनं थांबवलं. बऱ्याच वेळानं त्या आपणहून पदर खोचून उठल्या.

घरी गेल्यावर ठरवलेलं काही त्या बोलल्याच नाहीत. बहिणीच्या उशाशी बसून नुसता हात धरला. काशीबेन डोळे उघडून गुजरातीत म्हणाल्या, "बहु मोडी आवी, बेन." फार उशिरा आलीस.

"हा, मोडीच आवी," काकू म्हणाल्या. काशीबेननी हात काही सोडवून घेतला नाही.

परतीची तिकिटं दोघींची होती. आले मी एकटीच. "तू जाय. मी ऱ्हासू," काकूंनी दारातूनच सांगितलं. काशीबेन गेल्या तेव्हा त्या जवळ होत्या.

नंतर प्रकाशाला परतल्या त्या बसनं. विमान होतं की, मी म्हटलं.

"वाटमा रडाले येळ पायजे ना, माय."