जानेवारीसाठी राखून ठेवलेलं

जानेवारी महिना मला धार्जिणा नाही, अशी माझी कितीतरी वर्षं पक्की समजूत होती. वर्षभराच्या कटकटी या एका महिन्यात माझ्या दारात रांग लावून उभ्या राहायच्या. मिक्सरचं भांडं जानेवारीत तडकायचं. मुलीचा गणिताचा पेपर जानेवारीत बुडायचा. बायकोचं कानातलं एका लग्नात हरवलं, तेही मला जानेवारीत कळलं, आणि ते लग्न मे महिन्यातलं होतं. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

कंपनीत चहाच्या वेळी मी हे रडगाणं गायलं, तर एकाने सांगितलं, शनीला तेल वाहा. मी एक अख्खा जानेवारी दर शनिवारी तेल वाहिलं. शेवटच्या शनिवारी देवळातून घरी आलो, तर स्कूटरचा आरसा फुटल्याची बातमी माझी वाट बघत होती. म्हटलं, आता शनीचाही इलाज चालत नाही.

मी सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपचा सुपरवायझर आहे. पत्रा कापणारी, दाबणारी मोठी यंत्रं दिवसभर धाडधाड चालतात, आणि तिथे साधं ‘इकडे ये’ म्हणायचं तरी ओरडावं लागतं. माझ्या आवाजाचं खापर मी बरीच वर्षं त्या यंत्रांवर फोडलं. पण यंत्रं घरी येत नाहीत, आवाज येतो. खरं म्हणजे आमच्याकडे राग नाकावर घेऊनच माणूस जन्माला येतो. वडील तसेच होते, मी तसाच आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आई वडिलांबद्दल म्हणायची आणि म्हणताना माझ्याकडे बघायची.

मला त्याची लाज वाटत नव्हती असं नाही. म्हणून तर दर एक जानेवारीला माझा एकच संकल्प असायचा. स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर नवं कॅलेंडर अडकवलं की त्याच्या पहिल्या पानावर, कोपऱ्यात, मी बारीक अक्षरात लिहायचो, ‘चिडायचं नाही’. लिहायचो पेन्सिलीने. पुढे खोडायची वेळ आली तर सोय असावी म्हणून. दुसरे लोक वजन कमी करायचं ठरवत, कुणी पहाटे फिरायला जायचं. माझा मात्र वर्षानुवर्षं तोच अर्ज आणि तीच तारीख.

आणि मी तो पाळायचोही. राग आला की पाणी प्यायचो. भाजी खारट झाली तर ‘आज मीठ जरा चांगलं लागलंय’ म्हणायचो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे चौदा टिकायचे, थेट संक्रांतीपर्यंत. तिळगूळ घ्या, गोड बोला असं शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून झालं की दुसऱ्या दिवशी मोजे सापडायचे नाहीत, आणि पहिले पाढे पंचावन्न.

गेल्या वर्षीच्या जानेवारीतली दोन तारीख. माझी पहिली पाळी होती, चार वाजता घरी आलो. बायकोने चहा ठेवला आणि स्वतःचाही कप घेऊन समोर बसली. ती नामपूरकडची. तिकडच्या बाजारात कांद्याच्या ढिगाऱ्यापुढे उभी राहून भल्याभल्या व्यापाऱ्यांशी घासाघीस करणाऱ्या घरातली मुलगी. घाबरणं तिच्या स्वभावातच नाही. पण त्या दिवशी ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत बसली होती.

“अहो, एक सांगायचं होतं. रागावू नका.”

“नाही रागवत. कालच लिहिलंय ना,” मी कॅलेंडरकडे बोट दाखवलं आणि स्वतःच हसलो.

“इथे गाठ लागतेय,” ती म्हणाली आणि पदरावरून हात छातीच्या डाव्या बाजूला नेला.

मी कप खाली ठेवला. “कधीपासून?”

“दिवाळीच्या फराळाचं करत होते तेव्हापासून.”

आमची मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. ती ओले केस पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आणि तिलाही हे आत्ताच कळत होतं. तिच्या हातातला टॉवेल तिथेच थांबला. ती आईवर जवळजवळ किंचाळली, “मम्मी, हेपण जानेवारीसाठी ठेवलंस?”

बायकोने तिला डोळ्यांनी गप्प केलं. पण शब्द निघून गेले होते.

“म्हणजे काय?” मी विचारलं.

मुलगी रडायला लागली आणि रडता रडता तिने सगळं सांगून टाकलं. ती आठवीत असल्यापासूनची ही पद्धत. काही फुटलं, हरवलं, बिघडलं, कशात नापास झालं की दोघी एकमेकींना म्हणायच्या, राहू दे, जानेवारीत सांगू. पप्पा तेव्हा ओरडत नाहीत. मिक्सरचं भांडं गणपतीत तडकलं होतं. गणिताचा पेपर ऑगस्टमधला होता. आरशाची तर त्यांनी चिठ्ठी टाकून वेळ ठरवली होती, देवळातून आल्यावर मी शांत असतो म्हणून. बिचारा शनी, त्याचा यात काडीचाही दोष नव्हता.

दुसरा कुठला दिवस असता तर मी हसलो असतो. मी ते ऐकत होतो आणि डोक्यात एकच हिशेब फिरत होता: दिवाळी ते जानेवारी. दोन महिन्यांहून जास्त. बायको माझ्यासमोर जेवत होती, माझे डबे भरत होती, रात्री शेजारी झोपत होती आणि माझ्या पेन्सिलीच्या दोन शब्दांची वाट बघत होती.

“गाठीवर मी कशाला ओरडलो असतो?” मी विचारलं. आवाज मोठा नव्हता, पण फुटला.

“तापावर नव्हतात का ओरडलात?” ती शांतपणे म्हणाली. “‘तीन दिवस अंगावर काढलास’ म्हणून सगळी गल्ली गोळा केली होतीत. मी सांगत नाही म्हणून तुम्ही ओरडता, आणि तुम्ही ओरडता म्हणून मी सांगत नाही.”

ते खरंच होतं. ती आजारी पडली की मला भीती वाटते, आणि भीती माझ्या तोंडून बाहेर पडताना रागाचे कपडे घालून येते. ते कपडे तिला दिसत, आतलं माणूस कधी दिसलंच नाही. दाखवलं तर पाहिजे ना मी.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली. सोनोग्राफी झाली, सुई घालून तपासणी झाली, आणि रिपोर्ट पाच दिवसांनी मिळेल असं सांगितलं. त्या पाच दिवसांत मी एकदाही चिडलो नाही. संकल्पाचं त्यात काही श्रेय नाही. चिडायला माणूस आधी जागेवर असावा लागतो.

कंपनीत प्रेस शॉपच्या भिंतीवर एक लाल पेटी आहे. ती मीच लावलेली. काही वर्षांपूर्वी एका यंत्रावर साचा निसटला आणि कामगाराची बोटं थोडक्यात वाचली. मला ते आठवड्याने कळलं. मी अख्खं शॉप दणाणून सोडलं, सांगितलं का नाही म्हणून. तेव्हा दिंडोरीकडून येणारा आमचा सगळ्यात जुना कामगार माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “सायेब, तुम्ही लय वरडता. मंग कोन सांगनार?” त्यानंतर नियम झाला. अपघात होता होता टळला, तर चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची, आणि जो सांगेल त्याला कोणीही, म्हणजे मीही, एक शब्द बोलायचा नाही. नियम मी पाळला. पेटीत चिठ्ठ्या पडू लागल्या. साहेब लोकांनी माझं कौतुकही केलं.

त्या पाच दिवसांत मी पेटीसमोरून जायचो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आमच्या घरीही अशीच पेटी होती. फक्त ती वर्षातून चौदाच दिवस उघडी असायची, आणि हे माझ्याखेरीज घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. परक्याच्या बोटांसाठी मी नियम केला आणि स्वतःच्या बायकोसाठी कॅलेंडरवर पेन्सिल फिरवली.

संध्याकाळी बायको माहेरी फोनवर बोलायची. आईशी बोलताना ती अहिराणीत शिरते. “काही नई शे, माय,” असं ती हसत हसत म्हणायची, “काहीच नई शे.” तिकडच्या म्हातारीला काही कळू द्यायचं नव्हतं. मी बाहेरच्या खोलीत बसून ते ऐकायचो. लपवायची तिला किती चांगली सवय झालीय, असं मनात यायचं, आणि ती सवय कुणी लावली हेही लगेच यायचं.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “साधी गाठ आहे. काळजीचं काही नाही. सहा महिन्यांनी एकदा दाखवून जा.”

मी विचारलं, “नक्की?”

“नक्की.”

मी पुन्हा विचारलं. बायकोने माझ्या बाहीला धरून ओढलं. डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, “पण इतके दिवस थांबायचं नसतं हो. या वेळी निभावलं. लागलं की त्याच दिवशी यायचं.” बायको मान खाली घालून ‘हो’ म्हणाली. बोलणं खरं तर मला होतं, तिने स्वतःच्या अंगावर घेतलं.

खाली रस्त्यावर आलो. मी तिथेच कुणाच्या तरी दुकानाच्या पायरीवर बसलो आणि चारचौघांत रडलो. समोरच्या गाडीवर हंगामातली पहिली द्राक्षं आली होती, ती बायकोने घेतली. जानेवारीतली ती द्राक्षं दरवर्षी आंबटढाण निघतात आणि दरवर्षी मी त्यावरून तिला बोलतो. ती माझ्याशेजारी बसली, एक द्राक्ष तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाली, “आंबट आहेत हो.” मग माझ्या हातावर चार ठेवली. आम्ही दोघांनी तिथे बसून अख्खा पुडा संपवला. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. उडून जावंसं वाटत होतं.

घरी आल्यावर मुलीने कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. माझे दोन शब्द खोडरबराने पुसले आणि तिथे जाड पेनाने लिहिलं, ‘त्याच दिवशी सांगायचं’. मला म्हणाली, “पप्पा, न चिडायचं तुम्हाला काही जमायचं नाही. स्वभावाला औषध नाही. हा संकल्प आमचा. तुम्ही हवं तर ओरडा, पण आम्हाला मधेच थांबवू नका.”

आता इथे मी सुधारलो असं लिहायला मला आवडलं असतं. पण संक्रांत झाली आणि माझे मोजे पुन्हा सापडले नाहीत. फेब्रुवारीत मुलीचा मोबाइल पाण्यात पडला, ते मला फेब्रुवारीतच कळलं, आणि मी ओरडलोही. एप्रिलमध्ये कुकरची शिट्टी उडाली, जूनमध्ये स्कूटरने भाजीवाल्याच्या गाडीला धडक दिली. बातम्या अशा वर्षभर विखरून यायला लागल्या. शेजाऱ्यांना वाटलं असेल, यांच्या घरी यंदा फारच कटकटी आहेत. मी ओरडायचो, त्या दोघी ओरडणं संपेपर्यंत उभ्या राहायच्या आणि उरलेली गोष्ट पुरी करायच्या. हळूहळू गोष्ट मोठी आणि ओरडणं छोटं होत गेलं, एवढाच काय तो फरक.

सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंना दाखवलं, सगळं ठीक होतं. मग सप्टेंबरमध्ये एके दिवशी कंपनीतून आलो, दारात बूट काढत होतो, तर बायको बाहेर आली.

“अहो, तिथे परत काहीतरी वेगळं हाताला लागतंय. सकाळी अंघोळीला कळलं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला बूट मी आपटला आणि शेजारच्यांना ऐकू जाईल असा ओरडलो, “सकाळी कळलं आणि आत्ता सांगतेस? फोन करता येत नव्हता? कंपनीत फोन नाही का?”

तिला हसू फुटलं. भिंतीला हात टेकून ती हसत होती. “दिवाळीचं जानेवारीत सांगितलं तेव्हा एक शब्द बोलला नाहीत, आणि आज सकाळचं चार वाजता सांगितलं तर ओरडता?”

मी दारातच उभा होतो. एक पाय बुटात, एक बाहेर. तेव्हा माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. तिने चपला घातल्या होत्या. खांद्याला पर्स होती, हातात जुन्या रिपोर्टची पिशवी.

नंतर कळलं, ती तीच जुनी गाठ होती, जागेवरच. पण ते नंतरचं. त्या क्षणी आम्हा दोघांनाही काही माहीत नव्हतं, आणि तरी ती घाबरलेली नव्हती.

“ओरडून झालं?” तिने विचारलं. “झालं असेल तर बूट घाला. दवाखाना सहाला बंद होतो.”