विलायती पऱ्यांचं गाऱ्हाणं

इंग्रजी पुस्तकांत परीचं नाव आणि स्पेलिंग दर वेळी निराळं का, असं तुम्ही मुलांनी पत्रात विचारलंत. हाच प्रश्न मला पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पडला होता आणि त्यापायी माझं पहिलंच नाटुकलं बुडायची वेळ आली होती.

बी.ए. होऊन मी मालवणजवळच्या एका गावात शाळेवर लागले होते. स्नेहसंमेलनासाठी मी स्वतः नाटुकलं लिहिलं. आटलेल्या विहिरीला एक परी पाणी देते, एवढीच गोष्ट. परीला चांगलंसं नाव हवं म्हणून पुस्तकं काढली, तर फेअरीचीच चार स्पेलिंगं निघाली. शिवाय पिक्सी, एल्फ, स्प्राइट आणि आणखी काही. मला पसारा खपत नाही. वहीत रकाने आखले, सगळी नावं ओळीने लिहिली, अकरा भरली. नाटकात मात्र साधी ‘परी’च ठेवली.

परीचं काम सातवीतल्या एका मुलीला दिलं. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. तिच्यावाचून नाटक होणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि तिलाही.

तीन दिवस उरले असताना तिची आजी मासे विकून थेट शाळेत आली. रिकामी पाटी उंबऱ्याबाहेर ठेवून दारातूनच म्हणाली, “बाई, माझा चेडू परी व्हवचा नाय.”

“का हो?”

“तळ्यावरच्या बायांची सोंगा काढूची नसतत. आमी तेंचा नाव पण घेवक नाय.”

आसरांना, म्हणजे पाण्यावरच्या देवतांना, गावात कोणी आसरा म्हणत नसे. नुसतं ‘बायो’ म्हणायचं आणि हात जोडायचे.

“पण या त्या नव्हेत, आजी. या विलायतेच्या.”

मला वाटलं, प्रश्न मिटला. आजीने कमरेवर हात ठेवले. “भायरच्यो? मगे तेंका गावात घेवक देवाक कोणी इचारल्यान? गाऱ्हाणा घातलास?”

मुलगी माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणी होतं. गाऱ्हाणं म्हणजे गावाने मिळून देवाला घालायचं साकडं. मी म्हटलं, घालू.

संमेलनाच्या संध्याकाळी गावचा म्हातारा मानकरी नारळ घेऊन रंगमंचापुढे उभा राहिला. “नावां सांगा बाई. सगळी. एक सुटली तर ती रुसतली.”

मी वही उघडली. इतकी उपयोगी यादी मी आयुष्यात केली नव्हती.

“बा देवा म्हाराजा! ही फेअरी इली आसा, ही पिक्सी इली आसा...”

“व्हय म्हाराजा!” सगळं गाव म्हणालं.

“हो एल्फ इलो आसा...”

“व्हय म्हाराजा!”

अकरा नावं संपली. मी वही मिटली, पण म्हातारा थांबला नाही. “आनी बाईंच्या वयेत जेंचा नाव ऱ्हवला आसात, तेंका पण सांभाळून घी, आनी नाटक झाल्यार सगळ्यांका सुखरूप घराक धाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यात आजीचा आवाज सर्वांत मोठा होता. तिने नातीकडे बघून मान हलवली. पोर पडद्यामागे पळाली.

नाटक सुरू झालं. परीने हात वर करून माझं शुद्ध मराठी वाक्य म्हटलं, “या विहिरीला पाणी येऊ दे!”

“व्हय म्हाराजा!” सवयच ती.

मुलगी दचकली. पुढचं वाक्य म्हटलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वाक्याला मात्र ती हात वर धरून थांबली, उत्तर येईपर्यंत. पुढच्या खुर्चीवर कोट घालून बसलेले हेडमास्तरसुद्धा म्हणाले. मी पडद्यामागे कपाळाला हात लावून उभी होते. टाळ्या मात्र तेवढ्या कुठल्याच नाटकाला मिळाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा दारात. केळीच्या पानात चार बांगडे.

“तुमच्या त्या बायांका मासे चलतत?”

“नाही हो. पुस्तकात लिहिलंय, त्यांना दूध लागतं.”

“मासे नाय?” आजीला त्यांची खरोखर कीव आली. “मगे तूच खा गो.”

तर स्पेलिंग कुठलंही लिहा, बाळांनो. एखादं सुटलं असेल, तर त्याची सोय त्या म्हाताऱ्याने करून ठेवली आहे.