बंद प्रोग्रॅमने वाजवलेला भोंगा

आधीच सांगते — भूतबाधा, करणी, अंगात येणं, यातलं मी काहीही मानत नाही. लहानपणी बुवापाड्यात कोणी तिठ्यावर लिंबू उतरवून टाकलं, की मी ते चपलेने उडवत शाळेत जायचे. आजही मानत नाही. तरी हे लिहितेय, कारण मला खोटं लिहायला सांगितलं होतं...

आनंदनगर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळते. कंट्रोल रूममध्ये एक जुना लिनक्सवाला पीसी आहे. त्यावर तीन प्रोग्रॅम चालतात. एक रिअ‍ॅक्टरचं तापमान नोंदवतो, दुसरा साहेबांचे रिपोर्ट बनवतो, आणि तिसरा तापमान चढलं की भोंगा वाजवतो. भोंग्याला वेगळं बटण नाही.

आता मेमरीचं सांगते. ऑपरेटिंग सिस्टिम मागेल त्या प्रोग्रॅमला मेमरी कबूल करत जाते, असते त्यापेक्षाही जास्त. लग्नात दोनशे पानांची सोय आणि पत्रिका तीनशे, तसं. सगळे एकदम जेवायला आले, तर ती एका प्रोग्रॅमला सरळ मारते आणि त्याची जागा बाकीच्यांना देते. कोणाला मारायचं नाही, हे आपण सांगून ठेवू शकतो. रिपोर्टसाठी मी सांगून ठेवलं होतं — तो अडला की साहेब डोक्यावर बसतात ना! भोंग्यासाठी सांगायचं राहून गेलं.

त्या दुपारी रिपोर्ट रेंगाळतोय म्हणून मी कंट्रोल रूममध्ये गेले. शेजारच्या खुर्चीत ऑपरेटर भोईरमामा होते. सोनिवलीचे, रिटायर व्हायला दीड वर्ष उरलेलं. तीन वाजता कुठे त्यांना डबा उघडायला फुरसत मिळाली होती... भाकरी आणि सुका जवळा. मी चालू प्रोग्रॅमची यादी काढली. भोंग्याच्या प्रोग्रॅमपुढे मेमरी शून्य! नोंदींचा लॉग बघितला, तर दोन चाळीसलाच सिस्टिमने त्याला मारलेलं. तो परत सुरू करायला मी हात पुढे केला...

आणि भोंगा वाजला.

मामा उष्ट्या हाताने धावले, वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला. तापमान उतरलं. खाली रिअ‍ॅक्टरपाशी त्या वेळी सहा माणसं होती.

जाणकार म्हणतील, मेलेल्या प्रोग्रॅमचं नाव काही वेळ यादीत राहतं, मेमरी शून्य दिसते. मलाही माहीत आहे. पण मेलेला प्रोग्रॅम भोंगा वाजवत नाही हो! मी तसाच दुसरा पीसी लावून तो प्रोग्रॅम वीस वेळा मारून बघितला. हूं की चूं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. "भोईर पीसीवर मॅच बघायला प्रोग्रॅम बंद करून बसला असणार. मग फाटली, परत चालू केला. रूट कॉजच्या फॉर्ममध्ये कारण म्हणून तेच टाका आणि विषय संपवा."

"सर, मी तिथेच होते."

"मग तुम्ही सांगा ना, भोंगा कोणी वाजवला?"

मी फॉर्म घेऊन बाहेर आले. मामा दाराशीच उभे होते, चेहरा उतरलेला. त्या एका ओळीने त्यांची नोकरी जाणार होती. म्हणाले, "मॅडम, मी नाय हात लावला. लावला असता तं कीबोर्डला जवला नसता लागला?" मी जाऊन बघितलं. कीबोर्डवर जवळ्याचा कणही नव्हता.

तोवर फिटर लोकांनी पीसीपुढे नारळ फोडायचं ठरवलं होतं. म्हटलं, आधी साहेबांना सांगून मेमरी वाढवून घ्या, मग खुशाल फोडा.

फॉर्म मी असा भरला : "प्रोग्रॅम का बंद पडला — माझी चूक, त्याला वगळायचं राहिलं. भोंगा का वाजला — कारण माहीत नाही." साहेबांनी परत पाठवला. 'माहीत नाही' हे कारण होऊ शकत नाही म्हणे. मी तेच लिहून पुन्हा दिला. असं तीनदा झालं. शेवटी मला मेमो मिळाला. तो घेतला, चूक माझीच होती. मामा अजून त्याच खुर्चीत बसतात.

भोंगा कोणी वाजवला, मला आजही ठाऊक नाही. तुमच्याकडे उत्तर असेल तर जरूर लिहा, मी तपासून बघेन. फक्त भोईरमामांचं नाव घालून देणार असाल तर तसदी घेऊ नका... ते मी तीनदा नाकारलंय.