बोंडं तडकेपर्यंत

कारवी मला आधी पोटऱ्यांवर कळली. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमची चाळ. मागचं दार उघडलं की चढण, आणि चढणीवर डोक्याइतकी उंच कारवी. बाबांना छडी शोधावी लागायची नाही, हात घातला की काठी. गिरणी गेली, वॉचमनगिरी आली, आणि सगळा राग घरी यायचा. भावापेक्षा मी जास्त मार खाल्ला, कारण मी उलट बोलायचे. अजून बोलते.

सात वर्षांनी एकदा कारवी फुलते. अख्खा उतार जांभळा होतो आणि मग झाड मरतं. मागे राहतात वाळकी बोंडं. पुढच्या पावसाचं पाणी लागलं की ती तडकतात आणि बी उडतं. लहानपणी आम्ही थुंकी लावून फोडायचो. पण अर्धा उतार एका बिल्डरने मशीन लावून खरवडला होता. उरलेल्या पट्ट्यातलं बी पडलं नाही, तर इथली कारवी संपलीच.

त्या वर्षी फुलं होऊन गेली आणि भावाचं लग्न ठरलं. एका खोलीत नवरा-नवरीला आडोसा हवा. बाबांच्या डोक्यात गावचा कूड: कारवीच्या काठ्या बांधायच्या, वर शेणमाती लिंपायची, झाली भिंत. प्लायवूड आणू म्हटलं तर ऐकेनात. ऐन एप्रिलच्या उन्हात कोयता घेऊन चढले. गावाला कारवीचं रान आहे, चार भारे तोडले तर काही बिघडत नाही. इथे उरलेच होते चार भारे.

मी मागून धावले. तोवर दोन भारे पडले होते. म्हटलं, "बाबा, बोंडं तडकू द्या. पाऊस पडला की काय ती तोडा."

"तू माका शिकवतंस?" म्हणत त्यांनी काठी माझ्या पाठीत घातली. बत्तीस वर्षांच्या बाईच्या पाठीत. दुसरी मानेवर बसली. माझं डोकं सटकलं. कोयता हिसकावून फेकला आणि दोन्ही हातांनी त्यांना ढकललं. ते घरंगळत दगडावर आपटले. कोपर मोडल्याचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला, बोंड तडकावं तसा. खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटलं. मग ते कण्हले आणि मी धावत खाली उतरले.

"पाय घसरला," त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. चाळीतही तेच. मला वाचवलं की स्वतःची लाज, कोण जाणे. भावाने प्लायवूड आणलं. तोडलेले भारे मी परत चढणीवर पसरून आले. जूनमध्ये तिथे तडतड सुरू झाली, तेव्हा बाबा मागच्या दारात बसून ऐकायचे. हात पुन्हा सरळ झाला नाही. मी माफी मागितली नाही, त्यांनीही नाही.

मध्यंतरी पट्टा पुन्हा फुलला. बाबा आता थकलेत. त्यांना धरून मी चार पावलं वर नेलं आणि गेलेल्या आईच्या फोटोला वाहायला एक तुरा मोडायला गेले. त्यांनी वाकडा हात उचलला. मी सवयीने मान आत घेतली, डोळे मिटले.

हात माझ्या मनगटावर आला.

"मोडू नको गो. अजून बोंडां धरूची आसत."