शिरीषभाऊंच्या सासूबाईंचा समुद्र

नागोया स्टेशनवर मी कोट घालून उभा होतो. कोट लग्नातला, पण माझ्या नाही, भावाच्या. शिरीषभाऊ म्हणाले होते, "दत्ताराम, सासुरवाडीला चाललोय, येतोस का?" सासुरवाडी म्हटल्यावर माणूस कोट घालणारच. पण सासुरवाडी होती त्यांची, आणि ते आले चुरगळलेल्या शर्टात. त्यांच्या बायकोने, केईकोवहिनींनी, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "भावोजी, अगदी नवरदेव दिसताय."

हे त्या मराठीतच म्हणाल्या. वहिनी जपानी, पण लग्नानंतर काही वर्षं पुण्याला सासूजवळ राहिल्या, त्यामुळे त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. मी बोलायला लागलो की त्या मान खाली घालतात. लाज वाटत असणार. मी वेंगुर्ल्याकडचा. शाळा चौथीत सुटली. मास्तर म्हणाले सोड, आणि आयुष्यात तेवढं एकच मी त्यांचं ऐकलं. नागोयात एका भारतीय हॉटेलात आचारी आहे. शिरीषभाऊ युनिव्हर्सिटीत संशोधन करतात, आणि आमच्याकडे येऊन मेनूकार्डात नसलेलं माशांचं तिखलं मागतात, तीच आमची ओळख. त्या आठवड्यात हॉटेलच्या चिमणीचं काम निघालं आणि मला सुट्टी मिळाली, ती नव्वद साली इथे आलो तेव्हापासूनची पहिलीच धड सुट्टी.

गाडी दक्षिणेला निघाली. नागोयाचे मोटारींचे कारखाने मागे पडले, मग भातशेती, मग डावीकडे समुद्र. वहिनींनी गाडीतच सांगितलं की त्यांची आई 'आमा' आहे. आमा म्हणजे समुद्रात बुडी मारून शंखशिंपले काढणाऱ्या बायका. पाठीला हवेची टाकी नाही, काही नाही. नुसता श्वास धरायचा आणि खाली जायचं.

"वय काय त्यांचं?" मी विचारलं.

"सत्तरी उलटली. मागच्या वर्षी छातीचं दुखणं झालं, डॉक्टरांनी समुद्र बंद केला. वर्षभर घरात बसून होती. आता परवानगी मिळाली आहे. परवापासून चार दिवस आवाबी उघडणार."

आवाबी म्हणजे बशीएवढा एका कवचाचा शिंपला. खडकाला असा चिकटतो की लोखंडी पट्टीशिवाय निघत नाही. तो कधी काढायचा ते गाव ठरवतं. बाकी दिवस समुद्र बंद. "आई त्या दिवसासाठीच बरी झाली असं मला वाटतं," वहिनी म्हणाल्या.

बसने शेवटचं वळण घेतलं तेव्हा ऊन कलत होतं. शिमाचा हा किनारा म्हणजे फाटलेला पापड. जमीन आत-बाहेर, मध्ये मध्ये पाणी, आणि प्रत्येक खाचेत एक गाव. धक्क्यावर जाळी विणणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी माझा कोट बघितला आणि ते उठून घरात गेले. वहिनी हसायला लागल्या. "त्यांना वाटलं, विमेवाला आला."

आजी (तिथे ओबाचान म्हणतात) दारातच बसली होती. छोटीशी, काळीसावळी, हात मात्र आमच्याकडच्या नाखव्यासारखे. मी कमरेत वाकून नमस्कार केला. तिने कोटाचं कापड चिमटीत धरून बघितलं आणि लेकीला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतात?"

"म्हणते, हे भिजलं तर वाळणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने गाव दाखवलं. गावामागच्या टेकडीवर झाडं इतकी दाट की खाली अंधार. मी म्हटलं, एवढं लाकूड, आणि कोणी तोडत नाही? शिरीषभाऊ म्हणाले, पिढ्यान्‌पिढ्या ते जंगल समुद्रासाठीच राखलंय. झाडांचं पाणी झिरपून खाली जातं, त्यावर समुद्रातलं शेवाळ वाढतं, आणि शेवाळावर शिंपले. मी मान डोलावली. खरं तर मला फक्त शिंपले एवढंच कळलं.

मग किनाऱ्यावरची आमांची झोपडी. पत्र्याचं छप्पर, मध्ये शेगडी, भोवती चटया. पाण्यातून गारठून आलेल्या बायका इथे शेकतात. भिंतीवर पांढरे रुमाल टांगलेले, डोक्याला बांधायचे. त्यांवर निळ्या दोऱ्याने चांदणी काढलेली, एकदाही दोरा न तोडता. आजी म्हणाली, दोरा जिथून निघतो तिथेच परत येतो, तशी बाई पण यावी म्हणून. शेगडीजवळ सगळ्यांत वयस्कर आमा बसली होती, तोयो-सान. झोपडीची मुख्य तीच. तिने सांगितलं की रबरी पोशाख आले तेव्हा गावात मोठी भांडणं झाली. पोशाखाने थंडी वाजत नाही, म्हणजे बाई जास्त वेळ पाण्यात राहणार, म्हणजे समुद्र लवकर संपणार. शेवटी ठरलं, एका घरात एकच पोशाख.

मी वहिनींना म्हटलं, "आमच्याकडे असं ठरवलं असतं तर लोकांनी घरं वेगळी काढली असती."

वहिनींनी ते भाषांतर करून सांगितलं. तोयो-सान खूप वेळ हसली आणि म्हणाली, "इथेही दोघांनी काढून बघितली."

आता माझा पराक्रम. दुपारी शिरीषभाऊ झोपले, वहिनी आईबरोबर गप्पा मारत होत्या. मी कोट काढून ठेवला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि समुद्रावर गेलो. ओहोटी लागली होती. खडक उघडे पडलेले, डबकी भरलेली, आणि कपारीत मुठीएवढे काटेरी शंख, साझाए म्हणतात त्यांना. हॉटेलात जपानी गिऱ्हाइकं त्यांच्याबद्दल डोळे मिटून बोलतात. आमच्या गावात ओहोटीला पोरंबाळं, बायका, सगळे कोयता घेऊन कालवं काढायला जातात. कोणी कोणाला विचारत नाही. खडक दर्याचा, दर्या सगळ्यांचा. मला वाटलं, चला, पाहुणा आहोत, आजीच्या उद्याच्या दिवसासाठी काहीतरी करून घालू. मसाला मी नागोयाहून आणलाच होता. प्लॅस्टिकची पिशवी भरली, दोनदा घसरून बसलो, आणि कोकणातला सगळ्यांत हुशार माणूस मीच अशा थाटात घरी आलो.

स्वयंपाकघरात आजी कांदापात चिरत होती. मी पिशवी ओट्यावर ठेवली. तिने आत बघितलं. सुरी खाली ठेवली. गॅस बंद केला. आरडाओरडा नाही, कपाळावर आठी नाही. तिने फक्त वहिनींना हाक मारली.

वहिनींनी पिशवीत बघितलं.

"भावोजी, हे कुठून आणलंत?"

"खालून. खडकावरून."

"समुद्र बंद आहे हो. शंखांनाही."

शिरीषभाऊ उठून आले. त्यांना एका मिनिटात कळलं. गावाचा नियम असा की बंद समुद्रातून ज्याच्या घरातल्या माणसाने काही काढलं, ते सगळं घर उघडायच्या पहिल्या दिवशी पाण्याबाहेर. पाहुणाही घरातलाच. वर्षभर थांबलेल्या बाईचा दिवस मी एका पिशवीत भरून आणला होता.

"कोणी बघितलं तुला?" शिरीषभाऊंनी हळूच मराठीत विचारलं.

"नाही. चिटपाखरू नव्हतं."

"मग गुपचूप नेऊन ठेव. जिथले तिथे. झालं."

आजीला मराठी येत नाही, पण जावई हळू आवाजात काय सांगत असेल ते कळायला भाषा लागत नाही. तिने एप्रन सोडला, डोक्याला पदरासारखा रुमाल बांधला, पिशवी उचलली आणि रबरी बूट घालून झोपडीकडे चालायला लागली. आम्ही तिघं मागे. मी पायात चुकून वहिनींच्या चपला घातल्या होत्या, त्या मला अर्ध्याच होत होत्या.

झोपडीत सहासात बायका उद्याची तयारी करत बसल्या होत्या. आजीने पिशवी तोयो-सानच्या समोर ठेवली, गुडघ्यावर बसली आणि दोन वाक्यं बोलली. वहिनींनी मला नंतर सांगितलं, ती म्हणाली, "माझ्या घरातून झालंय. उद्या मी बाहेर आहे." माझं नाव पण नाही घेतलं.

मला वाटलं, आता आपण माफी मागायची. जपानीत माफीचे चार प्रकार येत होते, चारही एकामागोमाग म्हटले आणि शेवटच्याला इतका वाकलो की शेगडीवर टांगलेल्या किटलीवर डोकं आपटलं. किटली हलली, राखेवर पाणी सांडलं, सगळ्यांच्या तोंडावर राख. एक बाई हसली, मग सगळ्या. आजीसुद्धा. मला एकदम बरं वाटलं. म्हटलं, हसल्या म्हणजे सोडलं.

तोयो-सानने डोळे पुसले आणि आजीकडे बघून शांतपणे म्हणाली (वहिनी मला कानात सांगत होत्या), "वर्षभर थांबलीस, आणखी एक दिवस थांब."

"हो," आजी म्हणाली.

"हा कोण?"

"आचारी."

"मग उद्या शेगडी याच्याकडे."

हसणं वेगळं आणि नियम वेगळा, हे मला तिथे कळलं. आमच्याकडे माणूस हसला की काम होतं.

भरती यायच्या आत शंख परत ठेवायचे होते. मला एकही जागा आठवेना. सगळे खडक एकमेकांचे भाऊ. आजीने वहिनींकरवी सांगितलं, कपार ओली असली पाहिजे आणि शंखाचं तोंड खाली, बाकी तो बघून घेईल. मी एकेक ठेवत गेलो. शेवटचा ठेवताना लाट आली आणि मी कमरेपर्यंत भिजलो. आजीने वर बघितलं आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याशी बोलली, तेही हातवारे करून. मला समजलं ते असं, की बरं झालं, कोट नव्हता.

आवाबी उघडला त्या सकाळी समुद्र ताटासारखा सपाट होता. बायका रबरी पोशाखावर पांढरे रुमाल बांधून उतरल्या. मी झोपडीत शेगडी फुंकत होतो आणि आजी दारात बसली होती. लांबून शिळा ऐकू यायला लागल्या. आमा वर आली की कोंडलेला श्वास ओठांतून सोडते, त्याची बारीक शीळ होते, जरा रडवी. आजी प्रत्येक शिळेला मान हलवायची. मला तिच्याकडे बघवेना. मी लाकडं जास्तच घातली आणि झोपडीत धूर केला.

"आचारी," ती म्हणाली, आणि हाताने धूर दाखवला. म्हणजे एवढंही येत नाही का.

बायका गारठून आल्या. मी त्यांना आल्याचा मसाला घातलेला रस्सा दिला, भाज्यांचाच. तोयो-सानने दोनदा घेतला, आणि नियमाबद्दल एक शब्द कोणी काढला नाही. आजी त्यांच्यात बसून कोणाला काय मिळालं ते बघत होती.

आमची परतीची बस दुसऱ्या दिवशी दुपारची होती. त्या दिवशी आजी पाण्यात गेली. वहिनी किनाऱ्यावर उभ्या होत्या, हाताची घडी घट्ट. शिरीषभाऊ सिगरेट न पेटवता धरून होते. आजी जमिनीवर जरा लंगडते, पण पाण्यात शिरताना तिचं वयच दिसेना. पाय वर झाले आणि ती खाली. मी पण नकळत श्वास धरला. माझा सुटला, पुन्हा धरला, पुन्हा सुटला, आणि ती अजून खाली. वहिनींनी माझं मनगट पकडलं. मग पांढरा रुमाल वर आला आणि शीळ वाजली. वहिनी वाळूत बसल्या.

आजीच्या हातात आवाबी होता. तिने कमरेची पितळी पट्टी काढून त्याच्यावर धरली. प्रत्येक आमाकडे ही मापाची पट्टी असते, त्याहून लहान शिंपला काढायचा नाही. तिने एकदा धरली, फिरवून पुन्हा धरली. किनाऱ्यावरून मला तो चांगला हातभर दिसत होता. वर्षभर आणि वर एक दिवस थांबून मिळालेला पहिला. तिने दीर्घ श्वास घेतला आणि तो घेऊन परत खाली गेली, जागेवर ठेवायला.

वर आली तेव्हा शीळ तशीच, आणि चेहऱ्यावर हसू.

"लहान होता," वहिनी म्हणाल्या. "आई खूश आहे."

बसमध्ये माझ्या डोक्यात पहिल्यांदाच आलं की आमच्या खडकावरची कालवं माझ्या लहानपणी मोठी असायची. मी शिरीषभाऊंना ते सांगितलं. ते म्हणाले, "आपण लहान होतो म्हणून मोठी वाटायची." असेल. शिकलेला माणूस आहे. पण मला नाही तसं वाटत.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात मालकाने विचारलं, "समुद्रावर गेला होतास ना? काय आणलंस?"

"काही नाही. मिळालं होतं, ते परत ठेवून आलो."

त्याने पोतं माझ्याकडे सरकवलं. "दत्ताराम, तुला सुट्टी मानवत नाही. कांदे घे."